पाटीला हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि आता सांगतोय म्हणून मी हळवा वगैरे झालोय असं समजू नका — राग येतोय मला. स्वतःचाच. चाळीस वर्षांत उतरला नाही असा राग कुणी पाहिलाय का?

आगाशीला आमची केळीची वाडी. मी तेव्हा गोखिवऱ्याला पेनांच्या कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होतो. यमुना तिथेच पॅकिंगला होती. अर्नाळ्याची, कोळ्यांची. सहा महिने नुसतीच नजरानजर. मग एकदा धीर केला आणि विचारलं, शुक्रवारी वसईच्या किल्ल्यात येणार का? शुक्रवारी कारखाना बंद असायचा. ती "बरं" म्हणाली, आणि माझीच पाचावर धारण बसली.

बोलायचं काय? मी चक्क विषय लिहून नेले — चिठ्ठीवर, नंबर घालून. अर्ध्या तासात दोघंही गप्प होणार आणि शेंगदाणे खाऊन आपापल्या बसने परतणार, हे मी धरूनच चाललो होतो. तर बाईसाहेबांनी माझ्या खिशातून डोकावणारी चिठ्ठी ओढली आणि मोठ्याने वाचली. "हवामान? ते आमी घरात रोजच बघतो. दुसरं काय आनलंस?" आणि हसत सुटली. सकाळी "तुम्ही" होतो, त्या क्षणाला "तू" झालो. पुढचे चार तास कसे गेले, देव जाणे. ऊन बुरुजावरून खाली उतरलं तरी आम्ही उठलो नाही. इतकं बोलता येतं मला, हे मलाच ठाऊक नव्हतं.

तेव्हाच तिने आईचं सांगितलं. तिची आई आमच्या बाजूच्या वाड्यांमधून मासळी विकायची. डोक्यावरची भरलेली पाटी एकटीला उतरवता येत नाही. ज्याच्या अंगणात जाईल त्या घरातल्या कुणीतरी हात लावायचा, उतरवताना आणि परत चढवताना. मासळी सगळ्यांना हवी, पण हात लावायची वेळ आली की कुणी आत पळतं, कुणी नाक मुरडतं. "कोन हात लावते, त्याच्यावरून आय मानूस वळखते," यमुना म्हणाली. मग माझ्याकडे बघून — "तू लावशील?"

"लावीन की! त्यात काय?"

त्यात काय! काय रुबाबात बोललो मी. परतीच्या बसमध्ये तर ठरवूनच टाकलं होतं — घरी सरळ सांगायचं, लग्न करीन तर हिच्याशी.

सांगितलं का? डोंबल सांगितलं.

पुढचाच शुक्रवार. शुक्रवार म्हणजे आमच्याकडे मासळीचा वार. मी ओटीवर कॅरम खेळत होतो, शेजारचा वसंता आणि गावातले आणखी दोघे सोबत. आणि अंगणात यमुना उभी. डोक्यावर पाटी. तिची आई तापाने पडली होती, म्हणून ती निघाली होती. कुणाचं घर आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं, कारण तोंडभर हसू होतं तिच्या. पण चारचौघांत माझी पंचाईत नको म्हणून ती अगदी परक्यासारखं म्हणाली, "जरा हात लावता?"

कळतंय तुम्हाला? ती मला सांभाळून घेत होती. आणि मी?

वसंताने भुवया उडवल्या. एवढंच! कुणी तलवार नाही उपसली माझ्यावर. नुसत्या भुवया! आणि मी सोंगटी मारत म्हणालो, "आंघोळ झालीय माझी." वर घरात हाक दिली, "आई, कोणीतरी मासेवाली आलीय."

कोणीतरी.

आई भांडी टाकून धावली. ओले हात पदराला पुसले, पाटी उतरवली, मला म्हणाली, "मेल्या, हात काय भाड्याने दिलेत? पोरीची मान मोडेल ना!" तिने बोंबील घेतले, यमुनाच्या आईची विचारपूस केली, केळ्यांची एक फणी बळेच तिच्या ओटीत घातली आणि पाटी पुन्हा चढवून दिली. यमुनाने जाताना माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी पुन्हा "तुम्ही" झालो होतो. दोन महिन्यांनी तिने काम सोडलं.

थांबा, खरा गुन्हा अजून पुढे आहे. किल्ल्यातली भेट कारखान्यात फुटली, तिथून गावात पोचली आणि वसंताने विचारलं, "काय रे, त्या पोरीचं काय झालं?" मी खाली मान घालून — काय नाटकी मेला! — म्हणालो, "आई ऐकेना. कोळ्यांची पोर नको म्हणाली." खपलं की! सगळे हळहळले. मग तेच सगळीकडे. लग्नानंतर बायकोलाही तेच. ती बिचारी सासूशी जन्मभर जपून वागली, जात बघणारी बाई म्हणून.

कोण, माझी आई? जिने हात लावला ती?

केव्हातरी ते आईच्या कानावर गेलंच. ओटीवर वाल सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मी कुठल्या मुलीला नाही म्हटलं रे? तू मला कधी विचारलंस?"

तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. वसंता नव्हता, त्याच्या भुवया नव्हत्या. आई, ती मासेवाली, जिला तू केळी दिलीस — एवढं एकच वाक्य. जीभ झडली असती का माझी? मी म्हणालो, "जुनं कशाला उकरतेस आता," आणि वाडीत पाणी सोडायला निघून गेलो.

तिने पुन्हा विचारलं नाही. पण शेवटच्या आजारात एकदा माझा हात धरून म्हणाली, "माझ्याकडून काही बोललं गेलं असेल रे, आता आठवत नाही. मनात ठेवू नकोस."

मी म्हणालो, "नाही ठेवणार."