मधाचा पहिला भाग

टीव्हीवर तिला सगळे प्रयोगमावशी म्हणत. त्याआधी ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची, आणि तिथं मुलींनी तिला काय नाव ठेवलं होतं ते न सांगितलेलंच बरं. एकदा शाळेवर कार्यक्रम करायला टीव्हीची माणसं आली. प्रयोगशाळेत त्यांनी तिला काहीतरी करून दाखवा म्हटलं. तिने जळत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा घातला, ज्योत विझली, आणि ती थेट कॅमेऱ्यालाच दटावून म्हणाली, "आता लगेच 'हवा संपली' म्हणून मोकळे होऊ नका. पेला अजून हवेने भरलेलाच आहे. जरा डोकं चालवा!"

निर्मात्याला ते दटावणंच भावलं. महिन्याभरात तिचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला.

तिची सांगायची एक तऱ्हा होती. आधी खोटं सांगायचं, तेही असं छातीठोकपणे, की घरोघरी माणसं माना डोलवत. मग एखादी बाटली, फुगा किंवा लिंबू घेऊन त्यांना तोंडघशी पाडायचं. "पटलं ना? साफ चूक!" हे तिचं वाक्य पोरांच्या तोंडी बसलं. सेटवरची प्रयोगशाळा पुठ्ठ्याची होती, मागच्या कपाटाची दारं नुसती रंगवलेली होती, पण प्रयोग खरे असत. फसला तर ती तो फसलेलाच दाखवायला लावी आणि का फसला ते सांगे. तिचा पिवळा एप्रन तेवढा घरचा होता. तो ताईने शिवला होता.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ताईने शाळा सोडली आणि शिलाई मशीन धरलं. गणवेश शिवून शिवून तिने धाकटीला कॉलेजपर्यंत पोचवलं. स्वतः मात्र विज्ञानाच्या वाटेलाही गेली नाही. पण कार्यक्रम लागला की मशीन बंद. भावोजींनी मधेच काही विचारलं तर त्यांच्यावर डाफरायची. "गप्प बसा हो, ती सांगतेय." समजो न समजो, धाकटी म्हणेल ते तिच्यासाठी ब्रह्मवाक्य.

पुढे वाहिनीचे मालक बदलले. नव्यांनी तिच्या वेळेवर राशिभविष्य आणून बसवलं. तिला कोणी काढलं असं नाही, बोलावणं यायचं थांबलं एवढंच. चार-दोन वर्षं तिने शाळांमधून व्याख्यानं दिली. बाजारात माणसं तिच्याकडे बघत, ओळखीचा चेहरा कुठला ते आठवायचा प्रयत्न करत आणि नाद सोडून पुढे जात. ते तिला फार लागायचं. कोणाजवळ बोलली मात्र नाही.

अशात तिच्या जुन्या कार्यक्रमाच्या संकलकाचा फोन आला. त्याने आता इंटरनेटवर स्वतःची कंपनी काढली होती. काचेच्या भिंतींचं ऑफिस, कॉफीचं यंत्र, आणि भिंतीवर एक मोठा पडदा. त्या पडद्यावर एक रेघ वर-खाली होत असे. कुठल्या क्षणाला किती माणसांनी व्हिडिओ सोडला, ते ती रेघ सांगायची.

"मावशी, हा तुमच्या जुन्या कार्यक्रमाचा व्हिडिओ, बघा," त्याने रेघेवर बोट ठेवलं. "तुम्ही 'साफ चूक' म्हणालात रे म्हणालात, की माणसं पळाली."

"मग? खरं तर तिथूनच सुरू होतं."

"तेच म्हणतोय मी. दोन तुकडे करू. पहिल्या भागात खोटं, दुसऱ्या भागात खरं. उत्सुकता वाटेल तो दुसरा बघेलच की!"

"आणि नाही बघितला तर?"

"असं कसं? तुमच्यावर जीव आहे लोकांचा."

तिने थोडे आढेवेढे घेतले. पण पहिले दोन-तीन व्हिडिओ असे काही चालले, की भाजीवालीने तिला भाजी बांधता बांधता "मावशी!" म्हणून हाक मारली. रिक्षावाल्याने आरशातून ओळखलं. दुसऱ्या भागांचे आकडे पडद्यावर दिसत होते. पहिल्याच्या पासंगालाही ते पुरत नव्हते. तिने ते बघितले आणि नजर वळवली.

मधाचा व्हिडिओ त्यातलाच. तिने मधाची बरणी उजेडात धरली, आवाज खाली आणला आणि म्हणाली, "मध जखमेवर लावतात, घशाला लावतात. मग मोतीबिंदूला का नाही? कितीतरी घरांत रोज सकाळी मधाचा एक थेंब डोळ्यात घालतात. आधी झोंबतं, पाणी येतं. तेच पाणी पडदा धुऊन नेतं!" इथं पहिला भाग संपला. दुसऱ्या भागात तिने उकडलेल्या अंड्याचा पांढरा तुकडा मधात बुडवून ठेवला आणि विचारलं, "झाला का हा पुन्हा काचेसारखा? डोळ्यातलं भिंगही असंच पांढरं होतं. ते आत असतं, मध बाहेर. वर मधातले जंतू डोळ्यात गेले तर होता तो डोळाही जाईल." तिच्या मते तिने आजवर केलेल्या प्रयोगांतला तो सगळ्यात नेटका होता.

काही दिवसांनी भावोजींचा फोन आला. "ताईला दवाखान्यात ठेवलंय. डोळा पिकलाय." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

ती पोचली तेव्हा ताई खाटेवर बसून होती. उजव्या डोळ्यावर जाड पट्टी. धाकटीची चाहूल लागताच तिने मान वळवली आणि, काय सांगावं, हसली.

"तुझा मध मला काही लागू पडला नाही बघ."

"ताई, तू डोळ्यात मध घातलास?"

"तूच सांगितलंस ना! झोंबेल म्हणाली होतीस, म्हणून कळ काढली. तुझे भावोजी म्हणत होते, मोतीबिंदू आहे तर डॉक्टरकडे चल. मी म्हटलं, माझी बहीण सांगतेय, ती काय खोटं बोलेल?"

"अगं, दुसरा भाग नाही का बघितलास?"

"दुसरा भाग?" ताईने हात चाचपत पाण्याचा पेला शोधला. "होता का? त्याच्यानंतर तर फोनवर एक मांजर आलं, पियानो वाजवणारं."

भावोजी खिडकीशी उभे होते. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

डोळा वाचला नाही. बुबुळावर जखम होऊन ती आतपर्यंत गेली होती.

धाकटी तशीच ऑफिसात गेली. व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढा म्हणाली. संकलकाने तोंड बारीक केलं, पाणी मागवलं, फार वाईट झालं म्हणाला. मग म्हणाला, "पण मावशी, खाली 'भाग पहिला' असं लिहिलंय हो आपण. आणि तो आपला सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ आहे."

"माझ्या बहिणीचा डोळा गेलाय!"

"कळतंय मला. म्हणूनच म्हणतो, ताईंना घेऊन या. तुम्ही दोघी शेजारी बसा आणि मनातलं बोला. माणसं हलतील, मावशी."

इतकी वर्षं तिच्या वाक्यांची काटछाट करणारा हा माणूस, त्याच्यावर ती कधी रागावलीसुद्धा नव्हती. तिने पिशवीतला पिवळा एप्रन टेबलावर टाकला आणि निघून आली. कराराप्रमाणे झालेले व्हिडिओ कंपनीचे होते. 'प्रयोगमावशी' हे नावही कंपनीचंच ठरलं. मध तसाच चालू राहिला.

घरी तिने पुस्तकांच्या थप्पीला फोन टेकवला आणि सगळं सरळ सांगून टाकलं. आधी खरं आणि शेवटपर्यंत खरंच. तुकडे करायला आपण हो म्हणालो, हेही सांगितलं. बघणारे मूठभर. त्यातल्या एकाने खाली लिहिलं, "ही बाई मावशीची नक्कल करते. खरी मावशी अशी रडकी नाही."

ताईच्या डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करायला सांगितलं, पण ताई ऐकेना. मशीनच्या सुईत दोरा जाईना, भिंत धरून चालायची, तरी नाही म्हणजे नाही. शेवटी धाकटी तिच्या शेजारी बसून समजावायला लागली. भिंग कसं असतं, ते काढून नवं कसं बसवतात, किती साधं काम आहे. हातवारे करून, आवाज चढवून-उतरवून, अगदी टीव्हीवर सांगायची तसं.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "तू सांगतेस फार छान गं. तेच तर वाईट आहे."

"ताई, या वेळी खरं आहे. शप्पथ."

"त्या वेळीही मला खरंच वाटलं होतं." ताईने पदर गेलेल्या डोळ्याला लावला. त्या डोळ्याला पाणी सारखंच येत असे. "तू नको सांगूस मला. दुसरं कोणी सांगू दे."



ते दुसरं कोणी म्हणजे शेजारची निवृत्त परिचारिका निघाली. तिने स्वतःचा डोळा करून घेतला होता. ती म्हणाली, "काही होत नाही हो, मी चौथ्या दिवशी तांदूळ निवडले." तेवढ्यावर ताई तयार झाली. विज्ञान बिज्ञान काही लागलं नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी भावोजींनी निरोप पाठवला, तू येऊ नकोस, ती घाबरेल. धाकटी घरीच थांबली. दुपारभर टीव्ही लावून बसली होती, आवाज बंद करून.

सगळं सुरळीत झालं. पंधरवड्याने ती भेटायला गेली, तेव्हा ताई मशीनवर बसली होती. एका डोळ्याने अंदाज चुकत होता, टाके तिरके पडत होते, उसवून पुन्हा घालत होती. भावोजी तिला बघून आतल्या खोलीत गेले. ताईने काळा चष्मा काढला आणि धाकटीचा चेहरा कितीतरी वेळ निरखून बघितला.

"म्हातारी झालीस की गं," ती म्हणाली. "फोनमध्ये कळत नाही."

मग तिने खुंटीवरचा टॉवेल घेऊन टेबलावरच्या फोनवर टाकला, पिंजऱ्यातल्या पाखरावर टाकावा तसा, आणि चहा ठेवायला उठली. धाकटी मदतीला उठली, तर ताई म्हणाली, "बस तू. मला दिसतं आता."