सासऱ्यांची विलायती गाडी आणि घिवलीचा रस्ता

आमच्या सासऱ्यांनी मोटार घ्यायचं ठरवलं, ते समोरच्या डॉक्टरांनी स्कूटर घेतली म्हणून. दुसरं काहीही कारण नव्हतं. आप्पा पालघरच्या कोर्टात वकील. घरापासून कोर्ट चालत सात मिनिटं, बाजार पाच, स्टेशन दहा. पण डॉक्टर फटफट करत दारावरून जायला लागले आणि आप्पांचं जेवण कमी झालं.

हे सगळं साठचं दशक संपत आलं होतं तेव्हाचं. आज लिहायचं कारण माझी नात. ती मला मोबाइलवर फोटो दाखवते. कोणीतरी पन्नास-साठ वर्षांची मोटार घेऊन, रंगवून, तिच्यावर कोपर टेकून उभा असतो. खाली शेकडो लोक 'स्वप्न!' म्हणून लिहितात. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर अशी गाडी आणायला गेला होतात. ब्लॉगवर टाका ना." तर टाकतो. पालघर, बोईसर, तारापूर, घिवली आणि परत, असा तीन दिवसांचा प्रवास. ज्यांना नुसता किनारा पाहायचा आहे त्यांनी बिनधास्त जावं. ज्यांना गाडी घ्यायची आहे त्यांनी आधी हे वाचावं.

मी तेव्हा एका सरकारी कचेरीत ओव्हरसियर होतो आणि मला कचेरीची जीप चालवता यायची. आप्पांच्या लेखी माझा एवढाच उपयोग होता. "जावईबापू, रजा टाका," ते म्हणाले. "तारापूरला एक गाडी आलीय. साहेबाची फॅमिली गाडी."

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं. परदेशी इंजिनिअर येत, जात, आणि जाताना सामान विकत. त्या सामानावर जगणारी एक नवी जमात तिथे उगवली होती. त्यातल्याच एका ठेकेदाराकडे ही गाडी होती.

दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळच्या पॅसेंजरने पालघरहून निघालो. मध्ये फक्त उमरोळी, मग बोईसर. आप्पा काळा कोट घालून बसले होते, जणू गाडीची उलटतपासणीच घ्यायची होती. बोईसरला उतरून एसटीने तारापूर. रस्ता अर्धा डांबराचा, अर्धा खडीचा. खिडकीशी बसू नका, धुळीने दात करकरतात. एसटीत सिमेंटवर काम करणारे मजूर, मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या बाया आणि नाकाला रुमाल लावलेले आमचे आप्पा.

ठेकेदाराने आम्हाला चहा दिला, चिकू दिले, आणि गाडी दाखवली. चार दारांची, पायऱ्या असलेली, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची. कंपनीचं नाव सांगत नाही. त्या कंपनीने ती वीस वर्षांपूर्वी चांगलीच बनवली असणार, पुढचं सगळं पाप इथलंच होतं. रंग इतका ताजा की आप्पांच्या कोटाच्या बाहीला लागला. मी चाकावरच्या पत्र्यावर बोट दाबलं, तर रंगाखाली पत्रा पापडासारखा मोडला.

"आप्पा, हा गंज आहे," मी म्हणालो.

"खाऱ्या हवेत सगळ्यांनाच लागतो," ठेकेदार म्हणाला. "पण इंजिन ऐका. गिअर बघा, लोण्यासारखे."

गिअर खरंच लोण्यासारखे होते. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. आप्पांना कसलाच संशय आला नाही. चोरांच्या साक्षी फिरवणारा हा माणूस मागच्या सीटवर जाऊन बसला, खिडकीची काच खाली केली, कोपर बाहेर काढलं आणि त्या क्षणी सौदा झाला. किती पैसे दिले ते मी कधी विचारलं नाही.

तिथून सरळ घरी यायचं की नाही? पण आप्पांना आधी घिवलीपर्यंत फेरी मारायची होती. केंद्राचं बांधकाम बघायचं म्हणाले. खरं म्हणजे केंद्राने आपल्याला बघावं, अशी त्यांची इच्छा होती. मागे बसून ते पुढचे बेत सांगत होते. रविवारी मासवणच्या अशिलाकडे जाऊ, मनोरला जाऊ. घिवलीच्या अलीकडे वाळूचा पट्टा लागला. तिथे गाडीने दोन उचक्या दिल्या, पुढून वाफ सोडली आणि ती बंद पडली.

गाव समोरच होतं. बांबूच्या मांडवांवर बोंबील सुकत होते आणि वारा नेमका आमच्याकडे येत होता. आप्पांनी काचा वर केल्या. एक बंद झाली, दुसरी दारात पडली.

तेव्हा हिराजी आला. चाळिशीचा, हाफ पँट, उघडा, हाताला काळं तेल. गावातल्या होड्यांना नुकतीच इंजिनं बसायला लागली होती आणि त्यातल्या एका बोटीचं इंजिन हा सांभाळायचा. त्याने बॉनेट उघडलं, वाकून वास घेतला.

"तू मोटार मेकॅनिक आहेस का?" आप्पांनी आतूनच विचारलं.

"नाय," हिराजी म्हणाला. "पण बोटीचं इंजिन मधी दर्यात बंद पडतं, तवा मेकॅनिक कुटून आनू?"

"बोट वेगळी, मोटार वेगळी."

"व्हय. हिकडं बुडायची भीती नाय."

मी हसलो. आप्पा हसले नाहीत.

चार जणांनी ढकलत गाडी हिराजीच्या दाराशी नेली. दुपारभर आणि दुसरा अख्खा दिवस तो ती गाडी खोलत बसला होता. मी पाना धरायला बसलो. पेट्रोलच्या टाकीतून गंजाचे पोपडे निघाले. त्याने सगळं पेट्रोल जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळलं. कार्बोरेटर खोलून पिसाने साफ केला. मग गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट काढला तर तेलाबरोबर लापशी बाहेर आली. त्याने ती बोटांवर चोळली आणि माझ्यापुढे धरली.

"ह्यो लाकडाचा भुसा हाय," तो म्हणाला. "गिअरचा आवाज दाबायला टाकलाय. तुमाला कोनी इकली ही?"

हे होतं ते लोणी. भुसा काढून त्याने बोटीचं तेल भरलं. त्यानंतर ती गाडी दुसऱ्या गिअरमध्ये जन्मभर कुत्र्यासारखी केकाटली. पाण्याची रबरी नळी फाटली होती. तिथे त्याने जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि वरून जाळं विणायची दोरी अशी काही आवळून बांधली की मला तिच्या गाठी मोजता येईनात.

या दोन दिवसांत आप्पा हिराजीच्या ओटीवर, स्वतःचा पंचा अंथरून, बसून होते. त्या घरचं पाणी प्यायले नाहीत, शहाळी मागवली. केळी खाल्ली. मी मात्र तांदळाची भाकरी आणि तळलेले ताजे बोंबील खाल्ले, आणि आजही सांगतो, घिवलीला गेलात तर बोंबील सोडू नका. आप्पांनी तोंड फिरवलं आणि म्हणाले, "सुमनला सांगणार नाही मी." सुमन म्हणजे माझी बायको, त्यांची मुलगी. तिला सांगायचं काय होतं? मी खातो हे तिला लग्नाआधीपासून ठाऊक होतं.

ओटीच्या दुसऱ्या टोकाला हिराजीची आई बसलेली असायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, काही दिसत नव्हतं. बोटांनी चाचपून जाळ्याची भोकं सांधायची. माझ्याशी गप्पा मारायची. पालघरला पाऊस किती झाला, बायको कुठली, मूल आहे का. माझा आवाज तिला आवडला होता. "गोड बोलतो गं पोर," ती सुनेला म्हणाली.

संध्याकाळी गाडी सुरू झाली. आप्पांनी पाकीट काढलं. हिराजीने हात हलवला.

"पैसं नको. येक काम करा. उद्या पालघरच्या दवाखान्यात डोल्यांचे डाक्टर येनार हायत. दुपारी बारापरेंत बसतात नि जातात, मंग म्हयन्याभरानं. आयला घेऊन जावा तुमच्या गाडीत. मागच्या टायमाला एसटीत चढताना पडली ती, तवापासून घाबरते. मी बोटीतला माल उतरवून मागून येतो."

"हो, हो, त्यात काय," आप्पा म्हणाले. "जागा आहे की."

मी स्वतः ऐकलं ते.

सकाळी उजाडताना आप्पांनी मला हलवलं. हिराजी किनाऱ्यावर गेला होता, त्याची बायकोही पाट्या घेऊन तिकडेच. "चला, निघू," आप्पा हळू आवाजात म्हणाले.

"त्या आजी?"

"जावईबापू, नव्या गाडीत तो वास बसला की जन्मात जाणार नाही. आणि अंगणात गाडीतून उतरताना समोरचे डॉक्टर बघत उभे असणार. काय शोभा होईल? तो आणेल तिला एसटीने."

म्हातारी तयार होऊन पायरीवर बसली होती. धुतलेलं लुगडं, डोक्यात अबोली, मांडीवर गाठोडं. मी गाडी सुरू केली. आवाज ऐकून ती उठली, एका हाताने खांब धरला आणि दुसरा हात पुढे केला. दाराची कडी हाताला लागेल म्हणून. गाडी तिच्यापासून चार हातांवर होती.

मी क्लच सोडला.

आप्पांना नावं ठेवत आज इतकं लिहिलं, पण स्टिअरिंग माझ्या हातात होतं. आप्पांना गाडी चालवता येत नव्हती. मी नुसता बसून राहिलो असतो तरी ते काहीही करू शकले नसते. मी सासऱ्यांना घाबरलो म्हणावं, तर तेही खरं नाही. मला वाद नको होता, इतकंच.

बोईसरला चहाला थांबलो. आप्पांनी बॉनेट उघडायला लावलं आणि नाक मुरडलं. "त्या दोरीला मासळीचा वास मारतोय. गरम झाली की गाडीभर होतो. काढा ती." दुकानातून नवी कोरी सुतळी आणली. मी दोरी कापली आणि सुतळी बांधली. हो, तेही मीच केलं.

उमरोळीच्या अलीकडे सुतळी सुटली. सगळं पाणी रस्त्यावर. गाडी अशी आडवी थांबली की अर्धा रस्ता अडला. आप्पा सावलीत उभे राहिले. तासभर गेला, मग मागून मासळीचा ट्रक आला आणि जागा नाही म्हणून थांबला. पुढे ड्रायव्हरशेजारी म्हातारी बसली होती. मागे पाट्यांवर हिराजी.

तो खाली उतरला. आप्पांनी घसा साफ केला. "अरे, तुझीच वाट बघून बघून निघालो आम्ही..."

हिराजीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. बॉनेटमध्ये वाकला, सुतळी दोन बोटांत धरून बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ट्रकवर जाऊन त्याने पाटीची दोरी सोडून आणली, नळी पुन्हा बांधली, शेजारच्या शेतातल्या डबक्यातून डब्याने पाणी आणून भरलं. अकरा वाजायला आले होते. त्याच्या आईचे डॉक्टर बाराला उठणार होते आणि तो आमच्या गाडीत पाणी भरत होता.

"ही सोडू नका," एवढंच म्हणाला.

मी ट्रकच्या दाराशी गेलो. "आजी, चला, आमच्या गाडीत बसा. पुढे बसा."

माझा आवाज आला तिकडे तिने तोंड वळवलं. "नको," ती म्हणाली. "हिकडं बरी हाय मी."

आम्ही गाडी बाजूला घेतली आणि ट्रक पुढे गेला.

दुपारी पालघरला पोचलो. सासूबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. समोरचे डॉक्टर खरंच बाहेर आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "छान आहे. चालते का?" आप्पा तीन दिवस त्या प्रश्नावर चिडलेले होते. ते मासवणला कधीच गेले नाहीत. गाडी दोन पावसाळे अंगणात उभी राहिली, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या, मग भंगारवाला तुकडे करून घेऊन गेला. ज्यांना 'क्लासिक' हवी आहे त्यांनी अंगण आणि कोंबड्या तयार ठेवाव्यात.

सुमनला मी सगळं सांगितलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "तुम्ही जाऊन या तिकडे. एकटे जा."

जायला मला दोन महिने लागले. एसटीने गेलो, बरोबर तिने करून दिलेले लाडू. हिराजी बोटीवर होता. ओटीवर म्हातारी बसली होती, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. त्या दिवशी डोळ्यांचे डॉक्टर उठता उठता ट्रक पोचला होता, ते सुनेने सांगितलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं.

"कोन पायजे?" म्हातारीने विचारलं. तिने मला आधी कधी पाहिलंच नव्हतं. मी गप्प राहून परत फिरू शकलो असतो. पण तोंडातून निघून गेलं, "हिराजी आहे का घरी?"

तिने हातातलं जाळं खाली ठेवलं. आवाज ओळखला होता. चष्मा नीट केला आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत सावकाश बघितलं. रागाने नाही. नवीन डोळ्याने माणूस जसं सगळंच निरखून बघतं, तसं.

"बरा दिसतोस की," ती म्हणाली. "मना वाटलेलं, तोंड येगलं असल."

मग सुनेला हाक मारून तिने मला चहा द्यायला सांगितलं. मी प्यायलो. लाडू ठेवले, आणि पाचच्या एसटीने निघालो.

घरी आलो तेव्हा सुमन दारात उभी होती. "भेटल्या का? काय म्हणाल्या?"

"काही नाही," मी म्हणालो. "बऱ्या आहेत. चहा दिला."

सुमन जाऊन तीन वर्षं झाली. तिने नंतरही एक-दोनदा विचारलं होतं. तिला मी हेच उत्तर देत राहिलो.