लॅपटॉपच्या दुकानात खाल्लेली थोबाडीत

मंडळी, ओठ अजून सुजलाय, तरी लिहितेय.

विद्यापीठात पत्रकारितेला ॲडमिशन मिळाली, म्हणून आज कोडोलीहून आई आणि दादासोबत कोल्हापुरात लॅपटॉप घ्यायला गेलते.

"व्हिडिओ एडिटिंगला सोळा जीबी रॅम लागते," मी दुकानदाराला म्हणाले.

"टायपिंगपुरता साधा बास हाय हिला," दादा म्हणाला.

"शिकायचं मला हाय. मीच ठरवणार."

त्यानं खाडकन थोबाडीत मारली. मी काउंटरवर आदळले, ओठ फुटला.

आईनं कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं. "परत हात उचललास तर मोडून ठेवीन!"

"मावशी, घरातलं घरी मिटवा की," दुकानदार म्हणाला.

"न्हाय. पोरीनं सांगितलेला लॅपटॉप काढा."

लॅपटॉप घेतला. पण दुकानात आठ-दहा जण होते, दादाला कुणीच अडवलं नाही. तुम्ही असता तर मध्ये पडला असता का?