भाऊजींच्या घरचा फ्रिज

मनोहरभाऊजी गेल्याचा निरोप उमरेडला आमच्या शेजारच्या कापड दुकानातल्या फोनवर आला. दुकानदारानं मला हाक मारली आणि नुसतंच म्हणाला, "गजाभाऊ, सक्करदऱ्याहून फोन होता... निघा तुम्ही." कोण गेलं हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही; भाऊजी आजारी होते, मला कळलं. बसमध्ये बसल्यावर मनात पहिली गोष्ट आली ती दुःखाची नव्हती. त्या घरात आता मला कोण हटकणार, असं मनात आलं. मेहुण्याच्या मरणाच्या बातमीनंतर माणसाला असं काही सुचावं, याची आज इतक्या आठवड्यांनीही लाज वाटते. पण त्या वाटण्याला एक कारण होतं आणि ते सांगितल्याशिवाय मला भाऊजींबद्दल खरं काही लिहिताच येणार नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कमलताईचे यजमान. आम्ही आणि ते, दोन्ही घरं विणकरांची. आमच्याकडे आई शेवटपर्यंत मागावर बसली. भाऊजींनी मात्र तरुणपणीच माग सोडला आणि धरमपेठेतल्या एका दुकानात फ्रिजचं काम शिकून घेतलं. हात असा बसला की मोठमोठ्या बंगल्यांतून 'मनोहर मिस्त्रीलाच पाठवा' असे निरोप येत. बोलणं मोठ्यानं, हसणं त्याहून मोठ्यानं आणि राग पावसाळी नाल्यासारखा, आला की काठ न पाहणारा. एका गिऱ्हाइकानं टाकून दिलेला जुना फ्रिज त्यांनी हातगाडीवरून सक्करदऱ्याच्या घरी आणला आणि दुरुस्त करून पुढच्या खोलीत मांडला. त्या गल्लीतला तो पहिला फ्रिज. उन्हाळ्यात शेजारणी दुधाची भांडी आणून ठेवायच्या आणि भाऊजी ऐटीत सांगायचे, "ठेवा वं बाई, घर तुमचंच हाये."

याच फ्रिजसाठी आई लेकीच्या घरी राहायला गेली. तिला साखरेचा आजार होता आणि डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं होतं. बाटली थंड जागी ठेवायची, मात्र गोठू द्यायची नाही, असं त्यांनी बजावलं होतं. उमरेडच्या आमच्या टिनाच्या घरात मे महिन्यात थंड जागा कुठून आणायची? मी मुलगा असून आईला फ्रिज देऊ शकत नव्हतो, म्हणून तिला जावयाच्या दारी धाडलं... आणि तेही ताईला मूलबाळ नसताना. आमच्यात नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं अन्न खात नाहीत. आई उमरेडहून कणीक, डाळ, तिखट, मीठ गाठोड्यात बांधून घेऊन गेली आणि लेकीच्याच चुलीवर आपली वेगळी भाकर टाकू लागली. "मंग फ्रिजचा गारवा कसा चालते तुले?" असं मी चिडवलं, तर म्हणाली, "औषध काई जेवण नोहे." पण ती त्या घरात अंग चोरून वावरायची. फ्रिज उघडायची तो फक्त आपल्या बाटलीपुरता, आणि दार असं हळू लावायची जसं आत कोणी निजलंय.

एका रविवारी मी कणीक घेऊन गेलो होतो. सकाळी आईनं बाटली काढली तर आत पांढरा गोळा. खालच्या कप्प्यातलं शेजारणीचं दूधही दगड झालेलं. शेजारीण हसत म्हणाली, "काय मिस्त्री, लोकायचे फ्रिज सुधारता अन् तुमच्याच घरी हे काय?" दिव्याखाली अंधार म्हणतात तो भाऊजींना असा चारचौघांत दाखवला गेला. त्यांचा चेहरा लाल झाला. ते फ्रिजकडे वळलेच नाहीत, आईकडे वळले.

"आई, तुम्ही बटन फिरवलं ना? औषध खराब होईन म्हणून जास्त थंड करून ठेवलं!"

"मी हात नाई लावला, बापू."

"मंग काय भूत येते राती, बटन फिरवाले?"

 शेजारीण दुधाचं भांडं तसंच सोडून निघून गेली. आईनं आपली भांडी घासून पालथी घातली, उरलेली कणीक गाठोड्यात बांधली आणि मला म्हणाली, "चाल गजा, बस भेटन." ताई दारात रडत उभी होती. भाऊजी आत जाऊन कॉटवर पडले होते. बसमध्ये आईनं पदर डोळ्यांवर ओढून घेतला. उन्हासाठी, असं तिनं सांगितलं. वाटेत नवी बाटली घेतली आणि घरी आल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवली. ती तिथं किती दिवस टिकेल, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मागून काय झालं ते ताईनं सांगितलं. संध्याकाळी भाऊजी उठले आणि फ्रिजचं बटण पाहिलं. ते नेहमीच्या खुणेवरच होतं. ते अगदी कमीवर नेलं, तरी मशीन थांबेना, घरघरतच राहिली. फ्रिजमध्ये थर्मोस्टॅटची एक बारीक नळी असते. तिचं टोक फ्रीझरच्या पत्र्याला घट्ट टेकलेलं असावं लागतं. पुरेशी थंडी झाली की त्या टोकाला ते कळतं आणि मशीन बंद होते. भाऊजींनी ते टोक बाहेर ओढलं, ताईकडून पेल्यात बर्फ आणि मूठभर मीठ मागून घेतलं आणि त्यात बुडवून धरलं. जरा वेळानं खट्ट आवाज आला आणि मशीन गप्प झाली. म्हणजे थर्मोस्टॅट चांगला होता. टोकच पत्र्यापासून सुटून हवेत लोंबत होतं, त्याला थंडी पोचत नव्हती आणि मशीन बिचारी रात्रभर सगळं गोठवत राहिली होती. टोक सुटलं होतं, कारण ते पत्र्याला दाबून धरणारी क्लिप भाऊजींनीच काढून एका गिऱ्हाइकाच्या फ्रिजला लावली होती आणि 'घरचंच तर आहे' म्हणून इथं सुतानं बांधून भागवलं होतं. ताई म्हणाली, ते कितीतरी वेळ तो पेला हातात धरून उकिडवे बसून होते. रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते उमरेडला आमच्या दारात उभे राहिले. मी मनात ठरवून ठेवलं होतं की आत घ्यायचं नाही. पण आई परात आणि तांब्या घेऊन पुढे झाली. आमच्याकडे जावई आला की पाय धुतात. काल ज्यानं चारचौघांत आळ घेतला, त्याचे पाय ती आज वाकून धुऊ लागली. भाऊजींनी पाय मागे घेतले असते तर तिचा पुन्हा अपमान झाला असता, आणि पुढे धरवत नव्हते. त्यांचा हात भिंतीवर टेकलेला होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

"आई, चूक माही होती. तुम्ही हात नव्हता लावला. गजा, तू बी ऐक गा, तुह्यासमोर बोललो होतो मी."

आईनं पदरानं त्यांचे पाय पुसले. मग क्लिपचं, सुताचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "भिजून सुकलेलं सूत ढिलं पडते, बापू. विणकराच्या पोराले हे कोणी सांगाव लागते काय?" आणि चहा टाकायला आत गेली. भाऊजी हसले नाहीत. मीही नाही.

आई ताईकडे परत गेली. औषधासाठी जाणं भागच होतं. भाऊजींनी त्या शेजारणीला मुद्दाम बोलावून तिच्यासमोर आपली चूक सांगितली. टोकाला नवी क्लिप आणि स्क्रू लावला. पुढे ताईला मुलगा झाला, आईनं लेकीच्या घरी पहिल्यांदा पान वाढून घेतलं आणि गोडाचे दोन घास खाऊन डोळे पुसले. सगळं सुरळीत झालं... एक सोडून. त्या फ्रिजला आईनं पुन्हा कधी हात लावला नाही. सकाळी फ्रिजसमोर जाऊन उभी राहायची आणि हाक मारायची, "कमल वं, बाटली काढून दे." ताईच्या आधी भाऊजीच उठायचे, बाटली काढून तिच्या हातात द्यायचे. कधी म्हणायचे, "आई, तुम्हीच काढा न." ती म्हणायची, "राहू द्या, बापू." रागानं नाही, अगदी मऊपणानं. पुढचे सगळे उन्हाळे हे असंच चाललं आणि त्यातल्याच एका उन्हाळ्यात आई गेली. भाऊजींचा आवाज त्यानंतर पहिल्यासारखा चढलेला मी ऐकला नाही. लोकांच्या घरी कोणी मोलकरणीवर नाहीतर सुनेवर बोट दाखवलं की म्हणत, "थांबा, आधी मशीनले विचारू." मी गेलो की मात्र हटकायचे, "गजा, पाणी काढून घे गा, फ्रिजमंदी हाये." आणि मी काहीतरी निमित्त काढून माठाकडे वळायचो.

गेल्या आठवड्यात ताईकडे गेलो होतो. ऊन मी म्हणत होतं, घसा कोरडा पडला होता. पुढच्या खोलीत फ्रिज घरघरत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि हाक मारली, "ताई, पाणी दे वं."

ताई आतून आली. म्हणाली, "तूही आईसारखाच न... त्यायले माहीत होतं. म्हणत, आई तर गेल्या, पण गजा आजून दारातच उभा हाये."

 आईकडे निदान कारण होतं, आळ तिच्यावर आला होता. माझ्यावर कोणी काही बोललं नव्हतं. ज्या माणसानं परातीत पाय ठेवून माझं नाव घेऊन माफी मागितली, त्याला मी इतकी वर्षं दर भेटीत शिक्षा देत राहिलो, आणि तीही अशी की तक्रार करायला जागा नाही. मी दार उघडलं. बाटली काढली आणि तिथंच उभा राहून प्यायलो. पाणी छान थंड होतं. भाऊजींना एवढंच एकदा बघायचं होतं.