डाव्या भुवईतली फट

आमच्या घरात जावा दोन आणि आरसा एक. मला आरसा लागायचा तो कुंकू सरळ लागलंय का एवढं बघायला. बाकी तो सगळा शिवम्माचा. शिवम्मा म्हणजे माझी धाकटी जाऊ, माझा दीर निंगप्पा याची बायको. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात कन्नड बोलणारं. म्हणून ती मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायची आणि भांडताना हमखास कन्नडवर यायची. भांडायचो आम्ही पुष्कळ. माझा राग नाकावर, आणि तिला काही लागलं की ती बोलायचीच बंद व्हायची, ते त्याहून वाईट.

आमचं गाव वळसंग. पोटापाण्यासाठी दोघे भाऊ सोलापुरात आले, मागोमाग सासूबाईही आल्या. निंगप्पा यंत्रमागावर जायचा. आम्ही दोघी घरीच शाळेचे गणवेश शिवायचो. दिवसभर तोच निळा, तोच खाकी, त्याच बाह्या, त्याच कॉलरी. उन्हं कलली की शिवम्मा मशीन बंद करायची, हातपाय धुवायची आणि खिडकीशी आरसा टेकवून बसायची. शेजारी चिवड्याचा जुना स्टीलचा डबा. त्यात ब्रश, लिपस्टिका, पावडरींच्या डब्या, पापण्यांना लावायचे रंग, भुवयांची पेन्सिल. काही नवी पेठेतून आणलेलं, काही गड्ड्याच्या जत्रेतून. मोबाइलवर पोरी शिकवतात ते बघून बघून ती शिकली होती.

कुठं जायचं नसायचं, बरं का. लग्न नाही, बारसं नाही. ती तोंड रंगवायची, घटकाभर तशीच बसायची आणि दिवेलागणीच्या आत सगळं धुऊन टाकायची. असलं तोंड घेऊन देवापुढं दिवा लावायचा नाही, असं सासूबाईंनी बजावलं होतं. मग कपाळाला विभूती, खाली कुंकू, आणि भाकरी थापायला बसायचं. हौसेला मोल नाही म्हणतात, ते हेच असावं.

आणि रोजचं तोंड वेगळं. "आज करडई केलीय, अक्का," म्हणायची, आणि खरंच पापण्यांवर करडईच्या फुलाचा केशरी रंग उतरलेला असायचा. कधी डाळिंब, कधी हुरडा. आईला माती देऊन माहेराहून परतली, त्या संध्याकाळी ती रडली नाही. आरशापुढं बसली आणि डोळ्यांभोवती राखाडी रंग लावत राहिली, पाऊस न झालेल्या रानासारखा. ते बघून मीच रडले. बोलायला तिला कधी जमलं नाही. मनात असेल ते असं तोंडावर यायचं आणि दिवेलागणीला मोरीत वाहून जायचं.

गल्लीतल्या बायका म्हणायच्या, मूल ना बाळ, ही नटते कुणासाठी? उचलली जीभ, लावली टाळ्याला. सासूबाई तर तिला नटवीच म्हणायच्या. सासूबाईंपुढं माझं काही चालायचं नाही, पण गल्लीतल्या एकदोघींना मी चांगलंच फैलावर घेतलं. शिवम्माला मी वाटेल ते बोलेन, मी तिची जाऊ आहे. तुम्ही कोण लागून गेलात?

तिच्या डाव्या भुवईत एक बारीक फट होती. लहानपणी शेळीनं शिंग मारलेलं, तिथं केस पुन्हा आलेच नाहीत. पेन्सिल एकदा फिरवली असती तर बुजली असती. जी बाई सबंध तोंडाचा रंग बदलू शकते तिला ते काय अवघड? पण तिनं ती कधी बुजवली नाही. मी विचारलं तर म्हणाली, ती माझी हाय, राहू दे की.

निंगप्पाविषयी काय सांगू. वाईट माणूस नाही. दारू नाही, हात उगारणं नाही. पण मागांच्या खडखडाटात त्याचं बोलणं कुठं हरवलं कोण जाणे. घरी यायचा तो केसात सूत, मान खाली, डोळे ताटात. एकदा सासूबाई गावी गेल्या होत्या, तेव्हा शिवम्मानं संध्याकाळी तोंड धुतलंच नाही. करडई तशीच ठेवून नवऱ्याला वाढलं. तो जेवला, आमटीत मीठ कमी आहे म्हणाला आणि जाऊन झोपला. दुसऱ्या दिवशी मशीनवर बसल्या बसल्या तिनं हे मला हसत सांगायला घेतलं आणि मध्येच मशीन थांबवलं.

"अक्का," ती म्हणाली, "डोळं मिटलं तर माझं तोंड कसं हाय ते ह्यांना आटवत असंल का गं?"

मी म्हटलं, पुरुषांना काही आठवत नसतं, तू दोरा ओव. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. तिला साडी नको होती, सोनं नको होतं. नवऱ्यानं एकदा मान वर करून आपल्याकडं बघावं एवढंच हवं होतं, आणि ते काही बाजारात मिळत नाही.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. दवाखाने सुरू झाले. औषधानं आधी डोक्याचे केस गेले, मग पापण्यांचे, मग भुवया. निंगप्पा सुट्टी काढून तिला न्यायचा, बाहेरच्या बाकड्यावर मान खाली घालून बसायचा, परत आणायचा. रंगांचा वास तिला सहन होईना, तेव्हा डब्यातलं सगळं तसंच पडून राहिलं. पेन्सिल तेवढी उशाशी आली. सकाळी उठली की चहाच्या आधी ती भुवया काढायची. कपाळाच्या नुसत्या कातड्यावर दोन्ही अगदी होत्या तशा, आणि डावीत ती फट सोडून.

मी वैतागून म्हटलं, अगं, अंगात उभं राहायचं बळ नाही आणि ह्याला कसा जोर येतो? ती म्हणाली, भुवया नसल्या की माणूस रागावलंय का हसतंय तेच कळत नाही. तोंड असून नसल्यासारखं होतं.

शेवटी शेवटी तिचा हात कापायला लागला, तेव्हा तिनं मला जवळ बसवलं. आमच्या लिंगायतांत मयताला आडवं नेत नाहीत. स्नान घालून, नवं नेसवून बसवतात, फुलांच्या विमानात तसंच बसवून गावातून नेतात आणि मातीही बसवूनच देतात. तोंड उघडं असतं. सगळं गाव बघतं.

"मला तशी बिनभुवयांची नेऊ नगंस," ती म्हणाली. "रंग नको, काय नको. भुवया तेवढ्या काढ. मी मीच दिसायला पायजे."

मी रागावले. असलं अभद्र बोलू नको म्हटलं. पण पेन्सिल हातात घेतली. तिनं मला तिच्या मनगटावर काढायला शिकवलं. माझी रेघ कधी जाड, कधी वाकडी. भाकरी थापताना हात जसा हलका ठेवतेस तसाच ठेव, असं ती सांगायची आणि माझे सुरवंट बघून हसायची. हसता हसता तिला धाप लागायची.

ती एका सकाळी दवाखान्यातच गेली. वळसंगला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. बायकांनी स्नान घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, सोप्यात भिंतीला टेकवून बसवलं. कपाळभर विभूती, त्याखाली सवाष्णीचं मोठं कुंकू. त्यामध्ये तिचं तोंड कुठं दिसतच नव्हतं. मी पदरातून पेन्सिल काढली आणि तिच्यासमोर बसले.

भावकीतली एक म्हातारी म्हणाली, मयताला काय नटवायलीस?

"नटवत न्हाय," मी म्हटलं. "तिच्या भुवया काढतीय."

उजवी काढली. कशी काढली मला सांगता येणार नाही. कातडं थंड होतं, माझ्या डोळ्यांतलं पाणी मध्ये येत होतं. तेवढ्यात बाहेरून चुलत सासऱ्यांची हाक आली, विमान तयार आहे, ऊन वाढतंय, उचला. चार माणसं आत आली. सासूबाई रडतच म्हणाल्या, आवर आता. कुणीतरी माझा दंड धरून मला उठवलं. मी दंड सोडवून पुन्हा खाली टेकायला बघत होते.

"थांबा," निंगप्पा म्हणाला.

तिला घरी आणल्यापासून तो खांबाला टेकून बसला होता. रडला नव्हता, पाणीही प्यायला नव्हता. तो उठून पुढं आला.

"डावी राहिलीय," तो म्हणाला. "वैनी, बसा तुमी."

चुलत सासरे उशीर होतोय म्हणाले, ते त्यानं ऐकलंच नाही. मी बसले. तो माझ्या शेजारी उकिडवा बसला. घाईघाईनं मी पेन्सिल टेकवली आणि नाकाच्या बाजूनं रेघ ओढायला लागले, तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं.

"फट ठेवा," तो म्हणाला. "बाहेरच्या अंगाला, ज्वारीच्या दाण्याएवढी. ती बुजवत नव्हती कधी. तोंडाला केशरी लावून मला वाढलं हुतं, तवा बी ठेवली हुती."

मी विसरले होते. रोज तिच्या शेजारी बसणारी मी त्या घाईत विसरले होते, आणि ह्याला जागासुद्धा पाठ होती. मी फट ठेवली. उरलेली भुवई ओढली. उजवीपेक्षा थोडी वर गेली, शिवम्मानं बघितली असती तर मला पुसून पुन्हा काढायला लावली असती. पण ती तिचीच भुवई होती, आणि त्या तोंडात ती पुन्हा दिसायला लागली.

मग मला त्या माणसाचा असा राग आला की पेन्सिल फेकून मारावी वाटलं. इतकी वर्षं ताटात डोळे घालून बसला आणि सगळं बघत होता. सगळं.

"भावजी," मी विचारलं, "हे तिला कदी सांगितलंत?"

तो तिच्या तोंडाकडं बघत होता. मान वर करून, सगळ्यांसमोर, डोळा न हलवता.

"सांगायचं काय त्यात," तो म्हणाला. "तिला ठाव असंल की."

माणसांनी तिला उचललं. मी पेन्सिल मुठीत धरून तिथंच बसून राहिले. तिला ठाऊक नव्हतं.