गेणबा नावाचं क्रियापद

आमच्या घोटावड्यात एखाद्याचं गुपित बाहेर पडलं, तर ‘फुटलं’ म्हणत नाहीत. ‘गेणबलं’ म्हणतात. ‘घरी गेणबू नको हां,’ अशी धमकी पोरं एकमेकांना देतात. निवडणुकीला पॅनेल ठरलं की पुढारी आधी विचारतात, ‘ह्यात गेणबणारं कोण हाय?’ शब्दकोशात हे क्रियापद मिळणार नाही. पण रोज सकाळी किटल्या अडकवलेल्या मोपेडवर बसून ते तुमच्या दारात येतं आणि विचारतं, ‘अर्धा का एक?’

गेणबा म्हणजे आमचे दूधवाले. घरच्या म्हशी, दारोदार रतीब. माणूस साधा, पोटात पाप नाही. खरं तर पोटात काहीच नाही. आत गेलेलं लगेच बाहेर. कुणी नेहमीपेक्षा जास्त दूध मागितलं की माप हवेत धरून ते विचारतात, ‘पाव्हणं कोण?’ उत्तर मिळाल्याशिवाय धार सुटत नाही. आणि मिळालेलं उत्तर पुढच्या दारी दुधाच्या आधी पोचतं.

शब्दाचा जन्म मात्र आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या कोंडिबांच्या तोंडातला. कोंडिबांनी पुण्याला जाऊन गुपचूप कवळी करून घेतली. थट्टा नको म्हणून घरीही सांगितलं नव्हतं. फक्त गेणबांना सांगावं लागलं, कारण ‘उद्या दूध नको’ म्हटल्यावर ते कारण ऐकल्याशिवाय दारातून हलेनात. संध्याकाळी कोंडिबा एसटीतून उतरले, तर फाट्यावर निम्मं गाव उभं, सगळ्यात पुढं गेणबा. ‘आबा, हसून दावा की!’ कोंडिबांनी दात आवळले आणि त्या नव्याकोऱ्या दातांतून पहिला शब्द काढला, ‘गेणबलंस व्हय रं, मुडद्या!’

गावाला शब्द आवडला. गेणबांनाही आवडला. आपल्या नावानं काहीतरी चालतंय म्हणून ते खूश होते. ही खुशी नात सायलीला बघायला पाहुणे आले तोवर टिकली. सायली पिरंगुटला पतसंस्थेत कामाला जाते. तिचं पहिलं स्थळ यायचं होतं ते गेणबांनी रतीब घालता घालता गावभर केलं. पाहुणे आले तेव्हा सगळी आळी ओट्यावर पोरगा बघायला हजर. पोह्यांची परात आळीनंच संपवली. पोरगा एवढी माणसं बघून असा घाबरला, की नाव विचारल्यावर त्यानं मामाचं सांगितलं. स्थळ गेलं. घरात कायदा झाला: यापुढे बैठकीच्या दिवशी गेणबांनी गोठ्यात बसायचं.

त्यात भर म्हणून निरंजन भेटला. हा लातूरकडचा, हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करणारा, आमच्याकडे नवा भाडेकरू. एका सकाळी दारात दूध घेता घेता फोनवर ओरडत होता, ‘अरे, क्लायंटला आधीच कोणी गेणबलं?’

गेणबांचं माप थांबलं. ‘काय म्हनलात, सायेब?’

‘गेणबणे, काका. म्हणजे गुपित सांगून टाकणं. तुमच्याकडचाच शब्द आहे, तुम्हाला माहीत नाही?’

‘आला कुटनं ह्यो?’

‘जुना असेल. संस्कृत असावा.’

निरंजनच्या मोबाईलमध्ये गेणबांचं नाव ‘दूधवाले काका’ असं होतं, त्याला बिचाऱ्याला काय कल्पना. गेणबा घरी आले ते तोंड पाडून. ‘मी मेल्यावं बी लोकं माझ्या नावानं चुगल्या करनार,’ सायलीला म्हणाले. ‘मला काय तरी एक गुपित दे बाय. राखून दावतो.’

सायलीनं विचार केला आणि खरंच दिलं. ‘रविवारी कासार आंबोलीचे पाव्हणे येणारेत. तोवर कुणाला कळलं न्हाई, तर बैठकीत तुमी पुढं बसायचं. कळलं, तर माझ्या लग्नात बी गोठ्यात.’

गेणबांनी गालात सुपारीचं खांड धरलं आणि तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवसापासून रतीब मुका झाला. कुणी विचारलं, ‘काय विशेष?’ तर ‘म्म.’ ‘म्हशी बऱ्या हायेत का?’ ‘म्म.’ कोंडिबांनी मुद्दाम जास्त दूध मागितलं. गेणबांनी ओतलं आणि कारण न विचारता निघाले. कोंडिबा ओट्यावरच बसले. ‘गेलं,’ म्हणाले, ‘वारं गेलंय त्याच्या जिभंवरनं.’

शनिवारपर्यंत गावात एकच विषय. रविवारी सकाळी नारळ, केळी घेऊन सगळी आळी गेणबांच्या अंगणात तब्येत बघायला हजर. कुणी नाडी बघतंय, कुणी अंगारा लावतंय. गेणबा हातवारे करून सगळ्यांना हाकलतायत आणि नेमकी तेवढ्यात कासार आंबोलीची गाडी दारात.

सायलीनं कपाळावर हात मारला. गाडीतून मुलगा दिग्विजय आणि त्याची आजी गंगूबाई उतरले. ‘काय झालंय हितं?’ आजीनं विचारलं.

‘आमचा दूधवाला बोलंना झालाय,’ कोंडिबा म्हणाले.

‘गप बसला म्हनून एवढं गाव गोळा?’ गंगूबाई भारावल्या. ‘केवढा मान! मानूस असाच पायजे, मोजकं बोलनारा. आमच्या थोरल्या सुनंनं गेणबलं, म्हनून आदीचं स्थळ गेलं बगा.’

गुपित राहिलं होतं, त्यामुळे शब्दाप्रमाणे गेणबांना बैठकीत पुढे बसवलं. पोहे झाले. सगळं जमत आलं. तेवढ्यात गंगूबाईंनी विचारलं, ‘पाव्हणं, तुमचं नाव काय म्हनलं?’

सायली आतून मान हलवत होती: नको, नको. कोंडिबा घाईनं म्हणाले, ‘त्यास्नी आमी नुसतं दूधवालंच म्हनतो.’

गेणबांनी ‘म्म’ केलं असतं तर सुटले असते. पण माणसाच्या सोसण्यालाही एक हद्द असते. त्यांनी सुपारी हातावर काढली. ‘गेणबा.’

गंगूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून अशा हसल्या, की दिग्विजयनं पाणी आणलं. ‘म्हंजी ते तुमी? मंग एखादं गेणबून दावा की, खातरी पटू दे!’

गेणबांनी नातीकडे बघितलं. सायलीनं हात जोडले. पण बांध फुटला होता. ‘हे पोहे मी केल्यात. पोरीला फोडनी बी जमत न्हाई.’

‘मला जमते,’ दिग्विजय म्हणाला.

‘कवापास्नं?’ आजी दचकली. ‘घरी तर पानी बी हातानं घेत न्हाईस!’

‘कामाच्या गावी रूमवर मीच करतो. घरी कुणाला सांगितलं नव्हतं.’

आत सायली फिसकन हसली. सुपारी फुटली ती त्या हसण्यावर.

दुधाचं रिकामं पातेलं घेऊन आलेला निरंजन मघापासून दारात उभा होता. ‘काका,’ तो हळूच म्हणाला, ‘म्हणजे ते संस्कृत नाही?’

‘न्हाई वो, सायेब,’ गेणबा ऐटीत म्हणाले, ‘घरचं हाय.’