हात पुढे करून उभा केवलराम

इतकी वर्षं दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, दंडारीच्या खेळात लोकांना हसवणारा केवलराम यंदा तोंडातून चकार शब्द न काढता नुसता उभा राहणार, हे ऐकून त्याची बायको शामकला आधी हसली आणि मग चिडली.

"गुडघे वाजून राहिले तुमचे. कायले उभं राहता?"

"राहतो म्हटलं ना," तो म्हणाला.

नाटक गुंजनचं. गावचीच पोरगी, नागपूरला नाट्यशास्त्र शिकून आलेली. एक माणूस छडी खायला हात पुढे करून उभा असतो आणि मारणारा येतच नाही, एवढीच गोष्ट. भोवती पोरं अंगाचीच दारं करत, खुर्च्या करत, वारा होऊन धावत. गुंजन अर्थ समजावू लागली, तर केवलराम म्हणाला, "पोरी, हे मले समजते."

समजत होतंच. एका कोरड्या वर्षी चोरखमारा तलावाच्या पाण्याची पाळी शेजारच्या शेतातल्या बकारामची असताना केवलरामने पाट आपल्या धानाच्या बांधीकडे वळवला होता. बकारामचं धान लोंबी निसवायच्या आधीच करपलं. बकारामला सगळं कळलं. तरी तो भांडला नाही, पंचांकडे गेला नाही. भेटला की नुसतं "राम राम" म्हणायचा. केवलरामला ते शिवीहून जड जायचं.

मंडईच्या दुपारी तो हात पुढे करून उभा राहिला.

"केवल्या, डायलॉग भुलला का बे!" कोणी ओरडलं. हशा पिकला. म्हातारी रामबाई तर पाण्याचा तांब्या घेऊन सरळ मंचावर चढली. "पी बापा. कोणाची वाट पाहून राहिला?"

दंडारीत अशा वेळी तो हमखास काहीतरी टोला हाणायचा. आज त्याने ओठ घट्ट मिटले. हात हलले नाहीत.

शेवटपर्यंत मंचावरच उभं राहायचं, असं ठरलं होतं. तो मात्र पायऱ्या उतरला आणि तसेच हात पसरून पुढच्या सतरंजीवर बसलेल्या बकारामसमोर जाऊन थांबला. पोरांचा वारा जागच्या जागी थबकला.

"हात खाली घे. लोक पाहून राहिले," बकाराम पुटपुटला.

केवलरामने नकारार्थी मान हलवली.

बकारामने त्या तळव्यांकडे पाहिलं. "पाण्याचंच ना?"

केवलरामने मान डोलावली.

"मंग उद्यापासून माह्या धानाच्या कापणीले ये. सगळं होईपर्यंत. न् डबा घरून आणजो. माह्या घरचं जेवण भेटणार नाही."

हात खाली आले. गुंजनला पडदा पाडायचं सुचलंच नाही.

सकाळी शामकलाने डबा भरला आणि स्वतःचाही विळा काढला. "मीही येतो. दोघांनी लवकर होईल."

"तू नको," केवलराम म्हणाला. "हे मलेच कापू दे."

बकाराम शेतावर पोचला तेव्हा धानावर दव होतं, आणि केवलराम वाकून कापत बांधीच्या मध्यापर्यंत आला होता.